तिसरी जागा

कंट्रोलर कोमट होता... उन्हात राहिलेल्या वस्तूसारखा नव्हे, माणसाच्या हातातून नुकत्याच सुटलेल्या वस्तूसारखा. आणि डावा अंगठा जिथं टेकतो तिथलं रबर किंचित ओलसर. तो दोन्ही हातांत धरून ती तशीच उभी राहिली. पडदे ओढलेले होते, टीव्ही बंद होता, सोफ्यावरची उशी मात्र कुणी बराच वेळ टेकून बसल्यासारखी मधोमध दबलेली. न्हाणीघरात नळ वाहत होता आणि नवरा दाढी करता करता काहीतरी गुणगुणत होता. घरात दोघंच. म्हणजे कोडं असं काही नव्हतंच—पहाटे उठून तो खेळत असणार. मग खेळू दे की. नवरा बायकोचा व्हिडिओ गेम खेळला, यात दचकायचं काय? पण तो खेळत नसे. लग्न झाल्यापासून तिनं कितीदा म्हटलं होतं, एकदा हातात धरून तर बघ, आणि दर वेळी तो हसून म्हणायचा, “माझी बोटं जाडी आहेत गं. तू खेळ, मी बघतो.”

आणि तो बघायचा. जेवणं आटोपली की तिच्या शेजारी बसून, न कंटाळता. मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस.

तिनं टीव्ही लावला. तिला आज ‘धरणाखाली’ या खेळातली दोन-तीन दृश्यं कापून न्यायची होती. वर्षभरात सगळ्यात जास्त नावाजल्या गेलेल्या दहा खेळांची क्रमवारी तिचं साप्ताहिक दर वर्षी छापतं, आणि त्यासाठीची बैठक दुपारी होती. यंदा पहिल्या क्रमांकाबद्दल वाद व्हायचं कारण नव्हतं. जिकडेतिकडे ‘धरणाखाली’चाच उदोउदो चालला होता आणि तिनं स्वतः त्यावर भरभरून लिहिलं होतं. खेळ साधा. तुम्ही एका जुन्या धरणाचे राखणदार. खाली छोटी वस्ती. वर पाणी चढतंय, दरवाजे कधीतरी उघडावेच लागणार, आणि त्याआधी तुम्ही घरोघर जाऊन, एकेकाशी बोलून, माणसांना बाहेर काढायचं. बंदूक नाही, मारामारी नाही. नुसतं बोलणं. कोण कशाला भितो, कुणाचा जीव कशात अडकलाय, हे ओळखून नेमका शब्द टाकायचा.

खेळ जतन करायला तीन जागा होत्या. पहिली तिची—त्यात एक हट्टी म्हातारी सोडली तर तिनं सगळी वस्ती वाचवली होती. दुसरीही तिचीच, घाईघाईनं खेळलेली. तिसरी रिकामी असायची. आज ती रिकामी नव्हती.

तिनं ती उघडली.

वस्तीत संध्याकाळ होती. घराघरांत दिवे. ती पहिल्यांदा शिक्षकाच्या दाराशी गेली—तिच्या खेळात हा माणूस सगळ्यांच्या आधी निघून गेला होता, पुस्तकांची पेटी पाठीवर मारून. इथं तो घरात होता आणि पुस्तकं फळीवर लावत होता. “तुम्ही सांगितलंत म्हणून बांधलेलं सामान परत सोडलं,” तो म्हणाला. “उगाच घाबरलो होतो मी.” तान्ह्या मुलाची आई म्हणाली, “बाळाच्या खोकल्यावर तुम्ही औषध आणून दिलंत. तुमचं नाही ऐकायचं तर कुणाचं?” नावाड्यानं आपली नाव तुम्हीच ठेवा म्हणून देऊन टाकली होती. आणि ती हट्टी म्हातारी—तिला कुणी थांबवायची गरजच नव्हती—तीसुद्धा ओट्यावर येऊन हसली आणि म्हणाली, “मुला, तू आलास की झोप लागते.”

पायवाटेनं वर धरणावर गेल्यावर तिला कळलं की त्यानं खेळ इथवरच आणून सोडला होता. दरवाजे उघडायच्या लोखंडी चाकासमोर. पाणी काठोकाठ. खेळानं शांतपणे विचारलं, चाक फिरवायचं?

तिनं टीव्ही बंद केला.

...माणसांना पळवून लावायला फक्त भीती घालावी लागते. तेवढं तिला जमलं होतं. पण निघालेल्या माणसाला परत बसवायचं, त्यानं बांधलेली गाठोडी त्याच्याच हातानं सोडायला लावायची, आणि वर त्याच्याकडून आभार घ्यायचे—याला किती पहाटा लागल्या असतील? किती दारं, किती चकरा, किती औषधं? यात राग नव्हता. रागाच्या भरात कुणी इतका वेळ घालवत नाही.

“अगं, निघाली नाहीस अजून? आज यादी ना तुमची?” खांद्यावर टॉवेल टाकून तो दारात उभा होता. गालाला साबणाचा एक ठिपका. “पाण्याची बाटली भरून ठेवलीय. आणि तो पातळ सोल असलेला बूट घालू नकोस, टाच दुखते म्हणतेस.”

विचारायला हवं होतं. त्यात काय, हसत विचारायचं—काय रे, चोरून खेळतोस होय? पण तिनं त्यानं सांगितल्याप्रमाणे दुसरे बूट घातले आणि ती निघाली.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. समोरच्या सीटवर एक बाई मांडीवरच्या फायलीवर डोकं ठेवून झोपली होती. तूच लिहिलंयस ना, तिनं स्वतःला बजावलं. दोन वर्षांपूर्वी तिचा एक लेख फार गाजला होता: खेळात माणूस जे करतो त्यावरून त्या माणसाला ओळखू नका, पडद्यावर खून करणारा मुलगा बाहेर आईला पाणी आणून देतो, खेळ ही मोकळी जागा आहे. त्या लेखावर तिला व्याख्यानांची बोलावणी आली होती. ते अजून खरंच होतं. नवऱ्याचं कामच मुळी बोलण्याचं—विमा कंपनीत चिडलेल्या ग्राहकांचे फोन घ्यायचे आणि त्यांना शांत करायचं. आवाज चढवलेला तिनं कधी ऐकला नाही. मग मी का घाबरले? मी त्या शिक्षकाच्या एका वाक्याला घाबरले. बांधलेलं सामान परत सोडलं...

तिची निळी बॅग. ताईच्या शहरात तिला चांगली नोकरी मिळत होती, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी; ताई म्हणाली होती, माझ्याकडे राहा, मग त्याची बदली होईल तेव्हा होईल. बॅग भरून दाराशी ठेवली होती. तो रागावला नाही. शेजारी बसला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, तू जा, नक्की जा, मला फक्त तुझ्या झोपेची काळजी आहे. नव्या जागी तुला झोप लागत नाही आणि मग काय होतं ते आपण बघितलंय. खरंच होतं ते. तिला झोप लागत नसे. तिनंच उठून बॅग उघडली होती, कपडे कपाटात ठेवले होते, आणि वर त्यालाच म्हणाली होती—मी उगाच घाबरवलं तुला, सॉरी.

नंतर ताईचे फोन आधी त्याच्याकडे जायला लागले. तू दमलेली असतेस म्हणून. नंतर मैत्रिणींचं भेटणं कमी झालं. तुझ्या मागे लागतात गं त्या, मी सांगतो त्यांना गोड शब्दांत. यातलं एकही चुकीचं नव्हतं. हेच तर... एकही गोष्ट उचलून, ही बघ, असं कुणाला दाखवता आलं नसतं.

बैठकीच्या खोलीत फळ्यावर एक ते दहा आकडे लिहून ठेवले होते. संपादक, ती आणि अण्णा—अण्णा म्हणजे कचेरीतला सगळ्यात जुना समीक्षक, शर्यतीच्या खेळांखेरीज कशालाच खेळ न मानणारा. खालचे क्रमांक भराभर लागले. दहावा तो बेटावर शेती करायचा खेळ, नववा पत्त्यांचा, आठव्यावर अण्णांनी आपली मोटारींची शर्यत भांडून बसवली. दैत्यांच्या युद्धाचा अजस्र खेळ दुसऱ्यावर की तिसऱ्यावर यावर चहा संपला.

“पहिला तर ठरलेलाच,” संपादक म्हणाले.

“माझा विरोध नोंदवा,” अण्णा म्हणाले. “फार सज्जन खेळ आहे हो तो. वाईट वागायला वावच ठेवला नाहीये. मी बघितलं ना करून. एकदोघांशी खोटं बोललो, लगेच वस्तीत बोभाटा झाला, कुणी दार उघडीना. कंटाळून सोडून दिला.”

“तसं नाहीये,” ती म्हणाली. “वाव आहे.”

“कुठे?”

“तुम्ही घाई केलीत, अण्णा. आधी सगळ्यांच्या उपयोगी पडायला लागतं. बराच वेळ. मग ते दार उघडतात.”

तिचा आवाज तिलाच चमत्कारिक वाटला. अण्णांनी चष्मा काढला. “तू खेळलीस तसं?”

“बघितलं,” ती म्हणाली. “शेवट तेवढा बघायचा राहिलाय.”

“बाप रे. असं खेळणारा माणूस एकदा भेटला पाहिजे,” अण्णा हसले. “बरं, तुझाच सिद्धांत आहे म्हणा, खेळातला माणूस वेगळा आणि बाहेरचा वेगळा.”

“हो,” ती म्हणाली.

फळ्यावर एकच्या पुढे ‘धरणाखाली’ लिहिलं गेलं. तिनं हात वर केला होता, सकाळी उठली तेव्हा करणार होती तसाच. पण तेव्हा तिला तो खेळ आवडत होता. आता तो वर लावताना वाटलं, आपण एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव लिहून देतोय आणि ते इथं कुणाला वाचता येत नाहीये.

अण्णा गेल्यावर संपादकांनी तिला थांबवून घेतलं. “दुसरी कचेरी सुरू करतोय आपण,” ते म्हणाले, आणि त्यांनी ताईच्या शहराचं नाव घेतलं. “तू सांभाळावीस असं माझ्या मनात आहे. खरं म्हणजे विचारणार नव्हतो.”

“का?”

“तुझ्या मिस्टरांचा फोन आला होता परवा. रागावू नकोस त्यांच्यावर, फार काळजी करतात तुझी. म्हणाले, तिच्यावर जास्त भार टाकू नका, तिला नाही म्हणायला संकोच होतो आणि मग ती आजारी पडते. फार गोड बोलतात. मला तर वाटलं, आपल्याही घरी असं कुणी असावं.” ते जरा थांबले. “पण आज तुला बोलताना ऐकलं आणि वाटलं, विचारावं. तू काय म्हणतेस? घाई नाही, एक-दोन दिवसांत सांग.”

तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सांगते म्हणाली. तिला आठवत होतं की दुसऱ्या कचेरीची कुणकुण तिनंच त्याला सांगितली होती, गेल्या आठवड्यात, कपडे वाळत घालता घालता. आणि तो म्हणाला होता, बघू या ना. पुढे काही बोललाच नव्हता.

घरी आली तेव्हा तो ओट्यापाशी कांदा चिरत होता. बारीक, एकसारखा.

“झाली यादी?”

“झाली.” पर्स काढून तिनं खुर्चीला अडकवली. आणि मग, आपण विचारणार आहोत हे ठरायच्या आतच, तिनं विचारलं. “तिसऱ्या जागेत तू खेळतोयस?”

सुरी थांबली नाही. “हो. कळलं का? तूच म्हणालीस ना, सगळे शेवट बघावे लागतात आणि तुला वेळ नाही. म्हटलं, एक आपण करून ठेवू.”

“आणि तुझी जाडी बोटं?”

“त्यात बोटांचं काय आहे? नुसतं बोलायचं तर असतं.” तो हसला. “गोड माणसं आहेत गं. त्या शिक्षकानं फार वेळ घेतला.”

“चाक नाही फिरवलंस.”

“ते तुझ्यासाठी ठेवलं. शेवट तुला बघायचा असेल ना.” त्यानं कांदा ताटलीत सारला, हात धुतले, पंच्याला पुसले. सगळं पटण्यासारखं होतं. यातलं कुठलंही वाक्य ताईला फोनवर सांगितलं असतं तर ताई म्हणाली असती, अगं मग? तुझ्यासाठीच केलं ना त्यानं? “आणि ताईंचा फोन आला होता. सुट्टीत ये म्हणत होत्या. म्हटलं, या महिन्यात नको, फार काम आहे तिला. बरोबर ना?”

“बरोबर.”

“आणि संपादक काय म्हणाले? काही वेगळं?”

प्रश्न सहज होता. पण या वेळी तिला त्याच्यामागची जागा दिसली—प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली ती छोटीशी रिकामी फट, जिथं तो थांबून राहायचा, डोळे तिच्या चेहऱ्यावर ठेवून, ती काय बोलणार ते तिच्या आधी ओळखून. इतकी वर्षं त्या फटीत ती पाय टाकत आली होती, बघितल्याशिवाय. आज ती थांबली. खरं सांगायचं? भांडायचं, तू फोन का केलास म्हणून? भांडले तर तो शेजारी येऊन बसेल. हात हातात घेईल...

“काही नाही,” ती म्हणाली. “दिवसभर यादीचंच चाललं होतं. दुसऱ्या कचेरीचं बहुतेक बारगळलं. आणि खरं सांगू, बरंच झालं. मला नसतं झेपलं.”

तिचं वाक्य संपलं आणि त्याचे खांदे किंचित खाली आले. इतके किंचित, की रोज बघणाऱ्यालाही कळलं नसतं. “दमलीयस,” तो मायेनं म्हणाला. “बस जरा. मी बघतो बाकीचं.” आणि पाठ फिरवून तो भांडी विसळायला लागला.

ती खुर्चीवर बसली. छातीत धडधडत असेल असं तिला वाटलं होतं. तिनं वाट बघितली, पण काही धडधडलं नाही. आवाजही कापला नव्हता. शेवटचं ‘मला नसतं झेपलं’ तर तिनं ठरवलंसुद्धा नव्हतं, ते आपोआप, नेमक्या जागी येऊन बसलं होतं, थोडंसं हसून, थोडंसं खाली बघून. नळाच्या आवाजात तो पुन्हा गुणगुणायला लागला. त्याची मान दिसत होती, सकाळी नीट न पुसलेली, केसांच्या खालची गोरी, साधी मान. त्याचा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला होता. इतकं सोपं असतं होय हे, तिच्या मनात आलं, आणि ती त्या मानेकडे बघत राहिली; सकाळपासून पोटात धरून ठेवलेली भीती तिथंच होती, तेवढीच होती, फक्त आता ती कुणाची, त्याची की स्वतःची, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.