पुसलेली काच

नणंद वयानं मोठी आणि हुशारीनं त्याहून मोठी. दवाखान्यातली मशिनं दुरुस्त करण्यात तिची हयात गेली होती, त्यामुळे माणसांकडेही ती बिघाड शोधत असल्यासारखीच पाहायची. भावजयीचा धंदा पुस्तकबांधणीचा. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण ताई समोर बसल्या की तिच्या हातातली कपबशी अजून वाजायची.

झालं असं, की तळघरातला पाण्याचा पाइप गळायला लागला आणि नणंदेच्या वडिलांचा व्हॉल्व्हचा जुना रेडिओ महिनाभर त्याच्याखाली भिजत पडला. तो तिथे ठेवला होता भावानं, म्हणजे भावजयीच्या नवऱ्यानं. बाहेर काढला तेव्हा त्याची रया गेली होती. लाकडी खोक्यावरचा पातळ पापुद्रा फुगून सुटला होता, तारांवर हिरवट थर चढला होता आणि स्पीकरचा कागदी पडदा फाटून लोंबत होता. नवरा म्हणाला, भंगारात देऊन टाकू. नणंदेनं त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्यानं मुकाट्यानं ते धूड उचललं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर नेऊन ठेवलं. पुढचे तीन आठवडे तो ओट्याशी उभा राहून जेवला.

नणंद रोज संध्याकाळी कामावरून थेट यायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि रेडिओत डोकं घालायची. ओल धरलेले कंडेन्सर तिनं एकेक करून काढले आणि नवे बसवले. कुजलेल्या वायरी बदलल्या. भावजय भाजी चिरायलासुद्धा बाहेरच्या खोलीत, आपल्या बांधणीच्या सामानात जाऊन बसायची. उगाच मध्ये कशाला पडा.

एका संध्याकाळी नणंद स्पीकर हातात घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. "हे कागदाचं काम आहे," ती म्हणाली. "मला नाही जमायचं. तुला जमेल?"

अकरा वर्षांत ताईंनी तिला काही विचारण्याची ही पहिली वेळ. भावजयीनं पातळ खळ केली, जुनी पुस्तकं सांधायचा तलम कागद बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत फाडला आणि श्वास रोखून पडद्याच्या चिरा आतून-बाहेरून सांधल्या. मग तिला हुरूप आला. खोक्याचा सुटलेला पापुद्राही तिनं सरस लावून पुस्तकांच्या दाबाखाली दोन दिवस ठेवला. तो असा चपखल बसला, की नणंदेनं सांध्यावरून नख फिरवून पाहिलं आणि नुसतं "हं" म्हणाली. भावजय त्या "हं"वर दोन दिवस तरंगत होती.

तरंगता तरंगताच तिनं घोटाळा केला. रेडिओच्या पुढच्या काचेवर, जिच्यामागे काटा फिरतो, चांगला बोटभर मळ होता. तिनं ओलं फडकं घेतलं आणि काच लख्ख पुसली. मळ गेला, आणि मळाबरोबर काचेवरची सगळी सोनेरी अक्षरंही गेली. शहरांची नावं, आकडे, रेघा, काही म्हणून उरलं नाही. नवऱ्यानं सुचवलं, पाइपाच्या पाण्यानंच गेली असं सांगू. तिला ते पटलं नाही. रात्रभर कूस बदलून ती सकाळी उठली ती ठरवूनच.

संध्याकाळी नणंद आली तशी भावजयीनं काच तिच्यापुढे धरली. "ताई, माझ्या हातून अक्षरं पुसली गेली."

नणंदेनं काच उजेडाकडे धरून पाहिली. मग खुर्चीत बसली.

"मी मागच्या आठवड्यात एक काचेचा व्हॉल्व्ह फोडला," ती म्हणाली. "टेबलावरून घरंगळला. तुकडे पर्समध्ये घालून घरी नेले, तुला कळू नये म्हणून. दुसरा मागवलाय, चार दिवस झाले, अजून येतोय."

"मला कळू नये म्हणून?"

"तुझं काम इतकं नीट चाललेलं. तुझ्यापुढे लाज वाटली."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग जे हसत सुटल्या, की नवरा काय झालं म्हणून धावत आला. आपण तळघरात रेडिओ ठेवल्याबद्दल चालू असेल असं वाटून त्यानं आल्या आल्या पुन्हा एकदा माफी मागून टाकली.

व्हॉल्व्ह आला त्या रविवारी दुपारी रेडिओ लावला. नणंदेनं खबरदारी म्हणून विजेच्या वाटेत एक दिवा जोडला होता. आत काही बिघाड असता तर तो भगभगून पेटतच राहिला असता. तो क्षणभर उजळला आणि मंदावला. व्हॉल्व्ह नारिंगी झाले, तापलेल्या धुळीचा वास आला, आणि खरखरीतून एका गृहस्थांचा घनगंभीर आवाज उमटला. ते शेळ्यांच्या खुरांची निगा कशी राखावी हे सांगत होते. तिघांनीही जन्मात शेळी पाळली नव्हती. पण बटणाला हात लावायचा कोणाला धीर होईना. खूर कसा कापावा, कुठे थांबावं, सगळं त्यांनी उभ्यानं, शेवटपर्यंत ऐकलं.

मग अक्षरांचा प्रश्न आला. जुनी नावं कुठल्या क्रमानं होती, नणंदेलाही आठवेना. शेवटी ठरलं, की जे ऐकू येईल तेच लिहायचं. आठवडाभर नणंद काटा सरकवायची, भावजय काचेवर पेन्सिलीनं खूण करायची, आणि मग पुस्तकांच्या पाठीवर उमटवायच्या सोनेरी वर्खानं तिनं तिथे बारीक अक्षरं काढली: शेळीवाले, जुनी गाणी, भांडकुदळ बाई, हवामान. भांडकुदळ बाई की तावातावानं बोलणारी बाई, यावर दोघींत चांगला अर्धा तास वाद झाला. नणंद आवाज चढवून बोलली, भावजयीनंही चढवला, आणि मधल्या मधे कपातला चहा गार झाला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.