तात्पुरतं

"मेन बंद केलाय ना काकू?" स्टुलावर चढता चढता थोरलीने तिसऱ्यांदा विचारलं.

"केला गं बाई, केला! पण तू त्याला हात कशाला लावतेस? दादांनी करून दिलंय ते."

शिवणकाम करणाऱ्या काकू मशीनपाशी हिरमुसून बसल्या होत्या. सुईखाली एक बाही अर्धवट अडकली होती. थोरलीने बोर्डाचे स्क्रू काढायला घेतले.

दादा म्हणजे थोरलीचे वडील. दिवसभर कारखान्यात वायरमनचं काम, आणि संध्याकाळी दारातूनच परत फिरून कुणाचा पंखा, कुणाची मोटर. अख्खी इमारत त्यांना दादा म्हणायची. ते जाऊन पंधरा दिवस झाले होते. काल त्यांच्या आठवणी सांगायला सगळे खाली जमले, आणि जो तो एकच सांगत सुटला: दादा म्हणाले होते, तात्पुरतं करून देतो, रविवारी नीट बघू, दहा वर्षं झाली, अजून चालतंय! लोक डोळे पुसत हसत होते. थोरलीला मात्र हसू आलं नाही. तीही त्याच धंद्यातली. तात्पुरतं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. दोन तारांना पीळ आणि वर टेप. उद्या त्यातून ठिणगी उडाली, एखाद्याचं घर पेटलं, तर हीच माणसं दादांचं नाव कसं घेतील? तिला जेवण गेलं नाही. सकाळी सासरी परतायचं सोडून तिने हत्यारांची पिशवी उचलली. दादांनी तात्पुरतं करून दिलेली अकरा घरं होती.

बोर्ड उघडला. तार जाड, चांगल्या प्रतीची. मध्ये जोड कुठेच नव्हता, प्रत्येक टोक स्क्रूखाली घट्ट आवळलेलं, अर्थिंगसुद्धा घेतलेलं. तिने ओढून पाहिलं. जागचं हललं नाही.

"फार वाईट आहे का गं?"

"नाही काकू. हे अगदी पक्कं आहे."

"अगोबाई! मग तात्पुरतं कशाला म्हणायचे? मी आपली दर रविवारी वाट बघायचे."

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या घरीही तेच. मास्तर मात्र खो खो हसले.

"अगं, पक्कं केलं म्हटलं असतं तर आम्ही आभार मानत तासभर बसवून घेतलं असतं त्यांना. तात्पुरतं म्हटलं की माणूस सटकायला मोकळा. घरी वाट बघतायत, म्हणत दोन-दोन पायऱ्या उतरायचे."

दुपारपर्यंत अकराही घरं झाली. कुठे एक स्क्रू ढिला सापडेल तर शपथ. थोरलीला आपल्या संशयाची लाज वाटली, आणि बाबांचा अभिमानही. घरी आली तर स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकत होता.

"त्याला जरा थोपटावं लागतं," म्हणत आईने सवयीने बोर्डावर एक चापट मारली. दिवा स्थिर झाला.

थोरलीने मेन बंद केला आणि बोर्ड उघडला. दोन तारांना पीळ. वर टेप. टेप एका बाजूने वितळून काळीठिक्कर पडली होती.

"आई, हे कधीचं आहे?"

"झाली की सात-आठ वर्षं. तात्पुरतं म्हणाले होते."

"सगळ्या इमारतीला पक्कं, आणि तुला हे?" थोरलीचा आवाज चढला. "कधी भांडली नाहीस?"

"भांडले की, चांगली भांडले." आई ओट्याला टेकून उभी राहिली. "तर म्हणायचे, लोकांकडे पक्कंच करावं लागतं, ऐनवेळी तिथे मी नसतो. आपल्या घरात काय, मी आहेच."

थोरलीने पिशवीतून नवी तार काढली, मापाने कापली, तिची टोकं सोलली. मग पक्कड उचलली. जुना जोड तोडायला तिचा हात धजेना.