हंबीररावांच्या फियाटमधली हडळ

कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्या सकाळी एवढी गर्दी झाली होती की दूधवाल्याला सायकल डोक्यावर घेऊन जावं लागलं. गर्दीच्या मधोमध हंबीररावांची काळी फियाट बॉनेट उघडं टाकून उभी होती. तिच्यात म्हणे हडळ शिरली होती. आदल्या दिवशी दसऱ्याची पूजा झाली, नारळ फुटला, आणि तेव्हापासून चाकासमोरच्या काचेखालचा, इंजिनातल्या तेलाचा तांबडा दिवा विझायचं नाव घेईना. ऐन पूजेला दिवा लागतो, आता ही काय साधी गोष्ट झाली?

त्या गाडीवर बारा वर्षं ड्रायव्हर असलेला मीरासाब कडेला हाताची घडी घालून उभा होता. इंजिनात तेलाचा दाब उतरला की हा दिवा लागतो, हे त्याला पाठ होतं. त्यानं लगेच तेलाची पट्टी ओढून बघितली होती. तेल खुणेपर्यंत, इंजिनाचा आवाज नेहमीचाच.

"मालक, तेल भरपूर हाय. वायरीत गडबड असंल. शिवाजी पेठेतला वायरमन सणाला गावाकडं गेलाय, उद्या दाखवू की," असं त्यानं तीनदा सांगितलं. पण मालकांना दम कुठला? तालमीत भल्याभल्यांना आस्मान दाखवलेला हा गडी, मुगाएवढ्या दिव्याला भ्याला आणि गडमुडशिंगीहून भुतं उतरवणाऱ्या आकारामबाबांना घेऊन आला.

बाबा आले ते आपल्या मेव्हण्याला, पिराजीला, बरोबर घेऊनच. त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, टायरवर हात ठेवून तिची नाडी बघितली आणि बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरले. आतून मंत्र सुरू झाला, "ओम ह्रीं क्लच, ओम ह्रीं गिअर, पिस्टनवासिनी, भाईर ये." अंगाऱ्याचे लोट उठले. पाच मिनिटांनी बाबा घामाघूम होऊन बाहेर आले आणि म्हणाले, "पिराजी, मार किल्ली."

गाडी चालू झाली. तांबडा दिवा गायब. सगळ्या बोळानं हात जोडले. धोंडुबाई तर पुढं होऊन म्हणाली, "बाबा, आमच्या रेडिओचंबी बघा की. लई खरखरतोय."

बाबांनी रेडिओ पुढच्या अमावस्येवर ढकलला, पिराजीला गाडी बंद करायला लावली आणि आवाज खाली आणला. "गाडीतनं गेली, खरं लांब गेली न्हाय. बारा वर्षं एकच हात चाकावर हाय न्हवं? त्या हाताला चिकटलीया. ड्रायव्हर बदला, न्हायतर तिसऱ्या दिवशी गाडी पंचगंगेत."

"आता नवा ड्रायव्हर कुठनं आणू?" हंबीरराव रडवेले झाले.

"आमचा पिराजी मोकळाच हाय," बाबा म्हणाले.

हंबीररावांनी खाली बघत सांगितलं, "मीरासाब, मनाला लावून घिऊ नगोस. तुझं काय असंल ते गाडीतनं काढून घे."

मीरासाबच्या घरी बायको सुलतानबी आणि चार पोरं याच चाकावर जेवत होती. आणि हडळ चिकटलेला ड्रायव्हर म्हटल्यावर सगळ्या कोल्हापुरात त्याला कोण उभं करून घेणार होतं? फडकं आणि पाण्याची बाटली घ्यायला तो सीटवर टेकला. हात सवयीनं किल्लीवर गेला. रोज सकाळी आधी किल्ली अर्धी फिरवायची, तांबडा दिवा लागला का बघायचा, मगच इंजिन चालू करायचं, अशी त्याची रीत. त्यानं किल्ली अर्धी फिरवली. दिवा लागला नाही. पुन्हा फिरवली. नाहीच.

"मालक, हिकडं या. इंजिन बंद हाय. बंद इंजिनात तेलाला दाब कुठला? आत्ता दिवा लागायलाच पायजे."

"ऐका, त्याच्या तोंडनं हडळ बोलतीया," बाबा घाईनं म्हणाले.

गर्दीत डॉक्टरीणबाईंची फियाट केव्हाची अडकून हॉर्न देत होती. मीरासाब तिकडं गेला. "बाई, इंजिन बंद करून किल्ली नुसती अर्धी फिरवता काय?" बाईंनी फिरवली. तांबडा दिवा लागला. हंबीरराव दोन पावलं मागं सरले. बाईंनी इंजिन चालू केलं, दिवा विझला.

"माझी रोज सकाळी येते आणि रोज जाते," बाई म्हणाल्या. "अंगारा लागत नाही."

लोक हसले. मीरासाबनं बॉनेटमध्ये वाकून फडक्यानं अंगारा पुसला आणि एका नळीमागं खोचलेली, उपटलेली वायर बाहेर ओढली. ती जिथं लावायची तो अंगठ्याएवढा खटका वाकून शेजारच्या लोखंडाला टेकला होता, आणि त्यावर नारळाची शेंडी चिकटली होती.

"मालक, काल मी पेढं आणायला गेलतो तवा नारळ कुठं फोडलासा?"

"इंजिनावरच की," हंबीरराव म्हणाले. "म्हटलं पाणी थेट इंजिनाला पावावं."

"पावलं. तेलाचा दाब उतरला की ह्यो खटका वायर लोखंडाला जोडतो, तवा दिवा लागतो. तुमच्या पैलवानी हातानं खटका वाकला, लोखंडाला टेकला नि दिवा कायमचा लागला. बाबांनी वायरच उपटली. उद्या खरंच तेल संपलं असतं तर इंजिन जळाल्यावर कळलं असतं. व्हय बाबा, कुठली वायर उपटायची ते मंत्रात कुठं येतंय?"

"दाजी आठ वर्षं ट्रकवर क्लीनर हुतं," पिराजी अभिमानानं बोलून गेला.

बाबा रेडिओवाल्या धोंडुबाईच्या मागून सटकले. मीरासाबनं पकडीनं खटका सरळ केला, वायर लावली. किल्ली अर्धी, दिवा लागला. इंजिन चालू, दिवा विझला.

"चल, बस चाकावर. झालं गेलं इसर," हंबीरराव म्हणाले.

"बसतो मालक. खरं बारा वर्षांत माझ्याकडनं गाडीला खरचटलं न्हाय, नि पाच मिनिटांत मला हडळीचा केलासा," मीरासाब म्हणाला. हंबीररावांनी सगळ्यांसमोर हात जोडले. मीरासाबनं ते हात खाली केले, पण हसला नाही.

तेव्हा मंडळी, दिवा लागला तर बॉनेट उघडा, कळत नसेल तर ज्याला कळतं त्याला विचारा. बाबाला विचाराल तर तो बिघाड दाखवत नाही, माणूस दाखवतो. त्या दिवशी त्यानं मीरासाबकडं बोट केलं होतं. उद्या तुमच्याकडं करील.