नेहमीचं इंजेक्शन

बावीस वर्षांचा दवाखाना बंद करून मी परदेशातल्या इस्पितळात रुजू झाले. तिसऱ्याच दिवशी खाटेवरच्या लहान मुलीला झटके येऊ लागले.

"नेहमीचं द्या," मी नर्सला म्हणाले.

"नेहमीचं म्हणजे? औषध आणि मात्रा सांगा."

माझ्या दवाखान्यात तेवढं पुरायचं. कंपाउंडरकाका सिरिंज भरताना "दहा किलोला एक" असं दोनदा पुटपुटायचे आणि मी मान हलवायचे.

मुलीचे ओठ निळे पडत होते.

"वजन?"

"पंधरा किलो."

"लोराझेपाम, दीड मिलिग्रॅम!"

औषध शिरेतून गेलं. मिनिटभराने मुलीचं अंग सैलावलं.

संध्याकाळी मी काकांना फोन केला आणि त्यांच्या पुटपुटण्यामुळेच आज मात्रा आठवली, असं सांगितलं.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही तपासावं म्हणून तर पुटपुटायचो!"

"मी कधी तपासलंच नाही, काका."

"ठाऊक आहे. म्हणूनच दोनदा म्हणायचो."