केरू उभा राहिला

"मुडद्या, तुझ्या कणगीतून माझा कोंबडा बांग देतोय, आन् मलाच इचारतो व्हय, वहिनी काय हरवलं म्हनून?"

माझी धाकटी जाऊ नवसाबाई केरूच्या दारात उभी राहून ओरडत होती. आम्ही बाया समोरच्या खळ्यावर कांद्याची पात कापत बसलो होतो. विळे तिथंच टाकले आणि पळालो. भांडण दारात आल्यावर कांदे कोण कापतं? कांदे काय पळून जात नाहीत.

"कोंबडा नाय वो वहिनी, रेडू लागलाय," केरू म्हणाला.

ज्याच्या घरात धड कंदील नाही, त्याच्या घरात रेडिओ! तेवढ्यात कणगीतून पुन्हा बांग आली. नवसाबाई तरातरा आत गेली, कणगीचं झाकण फेकलं आणि आपला तांबडा कोंबडा पाय धरून बाहेर काढला. केरूनं मान खाली घातली. त्याची बायको फुलाबाई कपाळाला हात लावून उंबऱ्यातच बसली.

तो कोंबडा साधासुधा नव्हता. माझा दीर वारल्यापासून नवसाबाईचं सगळं त्या चार कोंबड्यांवर चाललेलं, आणि त्यातला हा म्हसोबाला बोललेला. आखाडात म्हसोबाला द्यायचा म्हणून वर्षभर दाणे घालून पोसला होता. अशा कोंबड्यावर हात टाकायचा म्हणजे काय गंमत झाली?

पण केरू काही सराईत चोर नव्हता, हेही सांगायला पाहिजे. त्याची लेक लता हिला ओझरच्या विमानाच्या कारखान्यातला पोरगा सांगून आला होता. महिन्याच्या महिन्याला पगार, वर घालायला निळे कपडे. आमच्या मुरूमवाडीत असं स्थळ कधी आलं नव्हतं. त्याच दिवशी संध्याकाळच्या एस्टीनं पोराचा बाप बैठकीला येणार होता. पाव्हण्यांना कोंबडं घालावं तर केरूच्या कोंबड्या गेल्या महिन्यातच मानमोडीनं गेलेल्या. मग बुद्धी फिरली. गरिबाची बुद्धी फिरायला वेळ लागत नाही.

चावडीपुढं गाव गोळा झालं. चैताचं ऊन, मुरमाड जमीन, पाय ठेवावा तर तळवा भाजत होता. बापे लिंबाच्या सावलीत बसले, आम्ही बाया भिंतीच्या कडेला. पंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळे गावात एरवीही सगळ्यांना वाचा फुटलेलीच होती.

कारभारी ओट्यावर मधोमध बसला. हा आमच्या वॉर्डाचा मेंबर. तीन वेळा निवडून आला आणि तिन्ही वेळा गटार करून देतो म्हणाला. गटार अजून यायचीच आहे.

"यात बोलायचं काय?" कारभारी म्हणाला. "चोरी ती चोरी. मी आत्ता सिन्नरला जातो आन् फौजदाराला घिऊन येतो."

फुलाबाईनं हंबरडाच फोडला. "दादा, पाया पडते! सांजच्याला पाव्हणे यायचेत. दारात पोलीस बघितला तर माझ्या पोरीला कोन करील?"

लता माझ्यामागंच उभी होती. तोंडात पदर कोंबून रडत होती. बापानं केलं आणि लेकीनं भोगायचं, हा कुठला न्याय? माझं डोकं तापायला लागलं.

तेवढ्यात कोंडाजी उठला. कोंडाजी देवळालीला मिल्ट्रीच्या भटारखान्यात जन्म काढून आलेला. तिथं कांदे चिरले, पण बोलायचा असा, की सगळ्या तोफा यानंच डागल्या.

"कारभारी, तुमचा कायदाच मुळात उलटा हाय," कोंडाजी म्हणाला. "चोराला तुरुंगात टाकता. तिथं त्याला काय? डोक्यावर छप्पर, दोन टायमाला भाकर, दुखलंखुपलं तर डागदर. आन् ज्यानं चोरी नाय केली त्यो हितं उन्हात कांदे काढतोय. मंग शिक्षा नेमकी कोनाला झाली?"

"खरं हाय," कुणीतरी बोललं.

"म्हनून मी म्हंतो, तुरुंगात चांगली मान्सं ठिवा. म्हैना-म्हैना इसाव्याला. आन् चोरांना बाहेर काढून आमची रानं नांगराया लावा. चोरीच बंद हुईल."

लोक फिदीफिदी हसायला लागले. हसण्यानं कोंडाजीला चढतं. तो पुढं सरकला. "जो बायकूला मारील त्याला सासुरवाडीत सहा म्हैने नांदाया धाडा. पहाटं उठून दळन, सासूचं बोलनं, वरून उष्टी-खरकटी. पुन्हा हात उचलनार नाय."

"हा कायदा आधी करा!" मी भिंतीकडून ओरडले. बाया हसल्या, बापे गप झाले.

"आन् निवडनुकीचं काय रं?" कारभारीनं मुद्दाम खोडी काढली. "त्यालाबी कायदा सांग तुझा."

"सांगतो की. बाजारातनं बैल आनला, तर आपन आठ दिस औताला जुपून बघतो. बसका निघाला तर माघारी. मंग मेंबरच बसका निघाला तर पाच वर्सं दावनीला ठिवून चारा का घालायचा?"

कारभारीचं तोंड बघण्यासारखं झालं.

"आन् त्यो शाईचा डाग! मत देनाऱ्याच्या बोटाला लावत्यात. आपन काय चोर हाय? शाई निवडून येनाऱ्याच्या कपाळाला लावा. चांगली पाच वर्सं निघनार नाय अशी. म्हंजे कुठं खाताना दिसला तर वळखू येईल."

"बास झालं!" कारभारी गरजला. "चोराचं काय करायचं ते बोला. नायतर मी चाललो सिन्नरला."

मग नवसाबाईच बोलली. कोंबडा काखेत धरलेला, डोळे लाल. "पोलीस नगं. पोरीचं वाटुळं मला नगं. पन मोकळाबी सोडायचा नाय. म्हसोबाचा कोंबडा हाय, त्याची लाज ठिवा."

"झालं तर!" कोंडाजी म्हणाला. "मिल्ट्रीत पाठीवर वझं देऊन उन्हात पळवत्यात. आपन पळवायचं नाय. कोंबडा डालग्यात घाला, डालगं केरूच्या डोक्यावर द्या, आन् चावडीपुढं उभा करा. पाव्हण्यांची एस्टी दिसंस्तोवर. मंग सोडा. पाव्हण्यांना पत्ताबी लागनार नाय."

सगळ्यांना पटलं. केरूनं हात जोडले आणि डोक्यावर डालगं घेऊन उन्हात उभा राहिला. डालग्यातून कोंबडा मान काढून इकडंतिकडं बघत होता. निवृत्ती जीपवाला हे सगळं बघत पान चघळत होता. एवढं झाल्यावर तो सीट भरायला सिन्नरला गेला. आम्ही बाया कांद्याकडं वळणार, पण पाय निघत नव्हता. असला तमाशा रोज कुठं मिळतो?

आणि दुपारीच घात झाला. निवृत्तीची जीप धुरळा उडवत आली, अगदी चावडीपुढं थांबली, आणि आतून पांढराशुभ्र फेटा बांधलेला माणूस उतरला. पोराचा बाप, सहादू पाटील! संध्याकाळच्या एस्टीचा माणूस दुपारच्या जीपनं आला होता.

फुलाबाई भिंतीला टेकली. लतानं माझा हात असा धरला, की बांगडी पिचली. केरूला डालगं खाली ठेवायचंही सुचेना. व्याही समोर, आणि हा डोक्यावर कोंबडा घेऊन उन्हात.

सहादू पाटलांनी त्याला खालीवर न्याहाळलं. "राम राम पाव्हणं. हे असं काय?"

मी कोंडाजीकडं बघितलं. एरवी जगाला कायदे शिकवणारा, आता नुसता आ करून उभा. माझा संतापच झाला. म्हटलं, मेल्यांनो, आता बोला की! कुणी बोलेना, तेव्हा मीच पदर सावरला आणि पुढं झाले.

"उभे राहिलेत ते," मी म्हणाले.

यात काय खोटं होतं? माणूस उभाच होता.

सहादू पाटलांच्या भुवया वर गेल्या. "असं? निवडनुकीला?"

आता आली का पंचाईत! सगळ्यांचे डोळे नवसाबाईकडं गेले. कोंबडा तिचा. तिनं एक शब्द काढला असता, तर लताचं लग्न तिथंच मोडलं असतं. नवसाबाईनं केरूकडं बघितलं, मग लताकडं बघितलं, आणि नाक वर करून म्हणाली, "व्हय. आमी समद्यांनी मिळूनच उभं केलंय त्यांना."

"पन मंग डोक्यावर कोंबडा?"

आता कोंडाजीला वाचा फुटली. "त्यो आमच्या गावचा नवा कायदा हाय पाटील! जो निवडनुकीला उभा राहील, त्यानं आधी डोक्यावर वझं घिऊन दिसभर उन्हात उभं राहायचं. खुर्चीवर बसायच्या आधी उभं राहाया यावं म्हनून!"

"वा वा! लय झ्याक कायदा," सहादू पाटील म्हणाले. त्यांनी चहूकडं नजर फिरवली आणि विचारलं, "मंग दुसरा उमेदवार कुठाय?"

सगळ्या गावानं एकदम ओट्याकडं बघितलं.

कारभारी सावलीत मांडी घालून बसला होता. "मी... मला जरा सिन्नरला काम..." तो उठायला लागला. पण कोंडाजीनं तोवर कांद्याची पाटी आणलीच. खरं सांगावं, तर पोरीचं लग्न मोडलं म्हणून गावाची मतं गेली असती; पाव्हण्यांपुढं नाही म्हणावं, तर उन्हाला भ्यालेला मेंबर म्हणून तालुकाभर नाव झालं असतं. मुकाट्यानं तोही केरूशेजारी येऊन उभा राहिला. बायांनी पदर तोंडाला लावले. मी तर लावलाच नाही, खदाखदा हसले.

केरू जन्माचा मजूर, त्याला वझ्याची सवय. कारभारी थोड्या वेळात गदागदा हलायला लागला, घामानं धोतर भिजलं. "पानी... पानी आना रं!" म्हणून ओरडला आणि पाटीसकट खालीच बसला. कांदे घरंगळत पाव्हण्यांच्या पायाशी गेले.

"हे बसले," सहादू पाटील म्हणाले. "आमचे पाव्हणे अजून उभेच हायेत."

तिकडं फुलाबाईच्या घरात नुसतं पिठलं शिजत होतं. नवसाबाईनं केरूच्या डोक्यावरचं डालगं उतरवलं, घरात गेली आणि कोंबडा फुलाबाईच्या पुढ्यात ठेवला. "घे. पाव्हण्यांना पिठलं घालती व्हय? म्हसोबाला मी सांगते. म्हनावं, पोरीचं लगीन हाय, दुसरा पोसून देते, जरा दम धर."

फुलाबाईनं तिच्या पायावर डोकंच ठेवलं. नवसाबाई तिला शिव्या देत होती आणि दोघी रडत होत्या. मला काही तिथं उभं राहवेना, मी मसाला वाटायला बसले.

बैठक झाली, सुपारी फुटली, वैशाखातली तारीख धरली. पण आता गाव अडकलं. केरूला खरोखरच उभं करणं भाग होतं, नाहीतर बिंग फुटलं असतं. दुसऱ्या दिवशी कोंडाजीनं त्याला सिन्नरला नेऊन अर्ज भरला. केरू रस्ताभर म्हणत होता, "आबा, त्यापरीस मला फौजदाराकडं द्या, तिथं निदान सुटायची तारीख तरी कळती!"

प्रचाराला कोंडाजीच. चौकात उभा राहून सांगायचा, "मान्सं आधी निवडून येत्यात आन् मंग खात्यात. आमच्या उमेदवारानं चोरी आधीच करून घेतलीय, आन् तीबी गावानं धरलीय! ह्याची धरली, त्याची अजून धरायचीय. इचार करा!"

लोकांनी विचार केला. केरू निवडून आला. कारभारी पडला आणि महिनाभर कुणाशी बोलला नाही.

पण शिक्षा खरी पुढंच होती. तांबडं फुटायच्या आत केरूच्या दारात लोक जमायला लागले. कुणाची तार तुटली, कुणाच्या बोअरला पाणी नाही, कुणाचा बांध शेजाऱ्यानं कोरला. नवसाबाई तर रोज कोंबड्यांना दाणे टाकून झाले की हाक मारायची, "मेंबर, गटार कधी व्हनार?" आणि मेंबर खांद्यावर फावडं टाकून यायचा. खरं सांगते, आमच्या वॉर्डातली गटार केरूनं पोरं जमवून स्वतः खणली. पावसाळ्याच्या आत.

लताचं लग्न लागलं त्या दिवशी गावजेवण होतं. मी पंगतीत भात वाढत होते. सहादू पाटलांच्या पानापाशी आले, तर ते हळूच म्हणाले, "वहिनी, कोंबडा म्हसोबाचा व्हता ना?"

मी पातेलं खाली ठेवलं आणि कुणी ऐकतंय का बघितलं.

"निवृत्तीच्या जीपमधीच समदं कळलं व्हतं," ते म्हणाले. "त्याच्या तोंडात काय ऱ्हातंय व्हय? मी तर मागं फिरनार व्हतो. पन म्हनलं, बघू तरी, गाव काय सांगतंय."

"मंग?" मी खाली वाकून विचारलं. "कळूनबी सोयरीक केली?"

"चोर आमच्या गावातबी हायेत, वहिनी. पन चोराच्या पोरीसाठी समदं गाव एका तोंडानं खोटं बोललं, असं मी कुठं ऐकलं नव्हतं. असल्या गावची पोर नाय करायची, तर कुठली करायची?"

माझे डोळे भरून आले. पण पाव्हण्यांपुढं आपण रडायचं का? मी त्यांच्या पानात भाताचा डोंगर घातला आणि ठणकावून म्हणाले, "खोटं कुनी बोललं पाटील? उभाच व्हता की त्यो!"