यादीत नाव नसलेला डोंगल

मी एक वायफायचा डोंगल आहे. अंगठ्याच्या पेराएवढा, काळा, कपाळावर एक निळा दिवा. माझ्याबद्दल खात्रीनं सांगता येईल असं एवढंच. बाकी सगळा गोंधळ आहे. मी चालतो की मला कुणी चालवतं, बंद पडतो तेव्हा मी मेलेला असतो की झोपलेला, आणि मी उठावं म्हणून माणसं माझ्यावर फुंकर का मारतात, यातलं एकही कोडं मला सुटलेलं नाही. तरी सांगायला बसलोय. मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

जन्म कुठला ते ठाऊक नाही. पहिली आठवण औरंगाबादच्या एका टपरीची, तिथे मी खिळ्याला टांगलेला होतो. तिथून मला जावेदनं उचललं. तो तिकडेच कारखान्यात कामाला होता. बकरी ईदला घरी निघाला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात सुपारीच्या पुडीशेजारी बसून मीही साखरखेर्ड्याला आलो.

जावेदचे अब्बा खुर्शीदभाई म्हणजे गावातले पिंजारी. गाद्या-उशा भरून देण्याचं दुकान. एका बाजूला कापूस पिंजायचं मशीन आणि दुसऱ्या कोपऱ्यात जावेदची बहीण मुबीना, तिचा जुना संगणक नि प्रिंटर. ती लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायची. दुकानात दिवसभर कापूस उडायचा, संगणकावर बसायचा, माझ्या डोक्यावरही बसायचा. मला कितीतरी दिवस वाटत होतं की सगळं जग असंच मऊ आणि पांढरं असतं.

तो संगणक लिनक्सवर चालायचा. आधीचं जे काही होतं ते व्हायरसनं खाल्लं, म्हणून जावेदनं हे फुकटातलं घातलेलं. नेट मुबीनाच्या मोबाईलवरून यायचं आणि मोबाईलला रेंज मिळायची फक्त रस्त्याकडच्या खिडकीत. मोबाईल खिडकीत, संगणक कोपऱ्यात. मधली दहा पावलं जोडायला मला आणलं होतं.

जावेदनं मला संगणकाला लावलं. अंगात वीज आली, कानांना ऐकू यायला लागलं, पण काय करायचं ते सुचेना. दिवा लागेना. मी आपला गप्प.

"मेलेलाच देला का बे त्यानं तुले?" खुर्शीदभाई म्हणाले. त्यांनी मला उपसलं, फुंकर मारली, सदऱ्याला पुसलं, परत लावलं. मी गप्पच. मला लाज वाटली. का वाटली तेही कळलं नाही.

मग जावेदनं काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांची एक ओळ टाइप केली आणि एंटर मारलं. मला एकदम सगळं येऊ लागलं! दिवा लागला, खिडकीतला मोबाईल दिसला. अंगात एवढी विद्या कुठून आली, देव जाणे.

"हा मेला नाई, मुबीना," जावेद म्हणाला. "काम कसं करायचं ते याच्या डोक्यात नसते. ते संगणकातल्या एका फाईलमध्ये असते, तिले मॉड्यूल म्हणतात. संगणक सुरू झाला का हजेरी घेते. यादीत ज्याचं नाव, त्याची फाईल आपोआप उघडते. याचं नाव यादीत नाई. म्हणून दर खेपेले ही ओळ टाकून याले उठवा लागन."

"मंग टाक ना भाई, यादीत नाव."

"दोन मिनिटाचं काम हाय. पुढच्या खेपेले आलो का टाकतो. आता गाडी सुटन."

माझ्यावर फुंकर मारण्यात त्या दिवशी अर्धा तास गेला होता. त्यासाठी वेळ होता आणि दोन मिनिटांसाठी नव्हता. माणसांचं हे गणित मला आजही उमगत नाही.

ओळ लिहून ठेवायला जावेदनं हाताशी होतं ते घेतलं. शेजारच्या कौशल्याबाईंनी लेकीच्या, प्रतीक्षाच्या, गादीसाठी रंगीत दोरा आणून दिला होता, तो कपाशीच्या बीटी बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात. जावेदनं पाकीट कापून उलगडलं, आतल्या पांढऱ्या बाजूवर मार्करनं ओळ लिहिली आणि चपला चिकटवायच्या सोल्युशननं ते पाकीट संगणकाच्या वर भिंतीला डकवून टाकलं. टपोऱ्या बोंडाचं चित्र भिंतीकडे, ओळ मुबीनाकडे.

आमच्याकडे लाईन दिवसातून तीन-चारदा जायची. आली की संगणक सुरू व्हायचा, मी ठोंब्यासारखा बसलेला असायचो, आणि मुबीना भिंतीकडे बघून एकेक अक्षर मोठ्यानं वाचत टाइप करायची. "एस, यू, डी, ओ..." शेवटचं अक्षर झालं की मी जागा. खुर्शीदभाई कापसातून ओरडायचे, "झाला का तुहा मंतर?" तिचा तो आवाज मला आवडायचा. ओळीच्या शेवटी माझंच नाव होतं, आणि ते इतक्या प्रेमानं दुसऱ्या कुणी घेतलं नव्हतं.

आता कौशल्याबाईंचं सांगतो. मालक गेल्यापासून तीन एकर कपाशी त्या एकट्या करायच्या आणि सवड मिळाली की खुर्शीदभाईंकडे गाद्यांना टाके घालायला बसायच्या. तोंडाच्या फटकळ. एक दिवस त्यांनी माझ्यासमोर टेबलावर एक हिरवं बोंड ठेवलं आणि नखानं उकललं. आतून गुलाबी अळी निघाली आणि माझ्या दिशेनं चालू लागली. मी घाबरलो.

"बीटीले अळी लागत नाई म्हणे. मंग हे कोण पाव्हणी हाय?"

त्या वर्षी सगळीकडे हेच झालं होतं. खुर्शीदभाईंकडे एरवी चिमूटभर येणारी कवडी, म्हणजे अळीनं खाल्लेला पिवळट कापूस, यंदा पोत्यांनी येत होती. ती पिंजताना ते मान हलवत राहायचे. बियाण्याच्या दुकानदारानं कौशल्याबाईंना सांगितलं की तुम्ही पाणी जास्त दिलं, चूक तुमची. ते त्यांच्या दिरानं, भाऊरावानं, गावभर केलं.

"म्हणते, बाईच्या हातची शेती अशीच राह्यते. पुढच्या सालापासून वावर मीच वाहतो म्हणते," कौशल्याबाई म्हणाल्या. एवढी फटकळ बाई, पण आवाज खाली आला होता. "मले दुसरं काई नोको, मुबीना. सरकारी कागदावर एवढं येऊ दे का कौशल्याबाई चुकली नाई, बियाणं चुकलं. तो कागद त्याच्या तोंडावर मारतो न् माह्यं वावर मी वाहतो."

तक्रारीचा अर्ज ऑनलाइन होता. मोबाईलवर ती साईट अर्धीच उघडायची, संगणकावर पुरती उघडायची, तीही लहर लागली तर. अशानं शेवटची तारीख येऊन ठेपली. साडेपाचला साईट बंद होणार होती. अर्जाला दोन गोष्टी लागत होत्या. सातबारा, आणि बियाण्याच्या पाकिटावरचा लॉट नंबर. आता रिकामं पाकीट कोण जपून ठेवतं? कौशल्याबाईंनी घरातले सगळे डबे पालथे घातले. मुबीना सातबारा आणायला तलाठ्याकडे गेली, आणि इकडे लाईन गेली.

लाईन नसली की मला ऐकू येत नाही. म्हणून हे पुढचं ऐकीव आहे. खुर्शीदभाई म्हणे गादीचा टाका बघता बघता थबकले. "कौशल्याताई, तुम्ही दोरा कशात आणला होता वो?" दोघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं.

पाकीट काही केल्या निघेना. ओढलं तर छापील नंबर भिंतीलाच राहायची भीती. तेव्हा खुर्शीदभाईंनी रॉकेल आणलं, कापसाच्या बोळ्यानं कडेकडेनं मुरवलं आणि बोटांनी मागूनपुढून चोळत, लेकराच्या जखमेची पट्टी काढावी तसं ते पाकीट अलगद सोडवलं. लॉट नंबर शाबूत! दोघं खुशीत येऊन चहा प्याले. चहा होईतो मुबीना आली आणि चारच्या सुमारास लाईनही आली. मला ऐकू यायला लागलं.

"हे घे बेटा पाकीट. नंबर बघ कसा चकचकीत हाय," खुर्शीदभाई म्हणाले.

मुबीनानं पाकीट उलटं केलं. ओळीच्या जागी काळा धब्बा होता. रॉकेलनं मार्कर धुऊन निघाला होता.

"अब्बा, हे काय केलं? आता नेट कसं लावू मी?"

खुर्शीदभाईंचा हात तसाच पुढे राहिला. मुबीनानं जावेदला फोन लावला. बंद. कारखान्याच्या फाटकावर सगळ्यांचे मोबाईल जमा करून घेत, सहाला सुट्टी झाली की परत देत. तिनं आठवून ओळ टाइप केली. चुकली. परत केली. परत चुकली. रोज बघून लिहिणारी ती, पाठ करायची वेळच आली नव्हती. कौशल्याबाईंनी मला उपसलं, पदरानं पुसलं, फुंकर मारली, परत लावलं. "ऊठ ना रे बाबा," म्हणाल्या. मला उठायचं होतं हो! मी तिथंच होतो, अंगात वीज होती, त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. पण कसं उठतात तेच मला येत नव्हतं. घड्याळात पाच वाजले.

मग खुर्शीदभाई उठले, आपल्या मशीनपाशी जाऊन बसले आणि डोळे मिटले. मला वाटलं दुआ करतायत. पण त्यांनी मशीन सुरू केलं. घरघर सुरू झाली आणि त्या आवाजात, मुबीनाच्याच चालीत, ते बोलू लागले. "एस, यू, डी, ओ. जागा सोड. एम, ओ, डी, पी, आर..."

या माणसाला इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तीन महिने मंतर म्हणून चिडवता चिडवता त्यांच्या कानात तो बसला होता. मुबीनाची बोटं धावू लागली. "ओ, बी, ई. जागा सोड. डब्ल्यू, एल, सात, चार, एक..." आणि ते अडले. "पुढं काय होतं बे? पुढं..."

"सी, यू!" गादीवर सुई धरून बसलेल्या कौशल्याबाई ओरडल्या. त्याही टाके घालता घालता ऐकतच होत्या ना!

एंटर. माझा दिवा लागला. मी जन्मात एवढ्या जोरानं लागलो नसेन. साडेपाचला दहा मिनिटं असताना अर्ज गेला. प्रिंटरमधून पोच निघाली, ती कौशल्याबाईंनी चार घड्या करून पदराच्या गाठीत बांधली आणि खुर्शीदभाईंच्या पाया पडायला वाकल्या. ते लाजून मशीनच्या मागे गेले.

सहानंतर जावेदचा फोन आला. सगळं ऐकून तो हसत सुटला. "अगं, वरच्या बाणाची कळ दाबली असती तर आधी टाकलेली ओळ आपसूक आली असती!" मुबीनानं ती कळ दाबून पाहिली, ओळ आली. हसावं का रडावं तिला कळेना, मलाही कळेना. मग त्यानं खिडकीतल्या फोनच्या स्पीकरवरून एकेक अक्षर सांगितलं आणि तिनं माझं नाव यादीत घातलं. घड्याळ लावून दोन मिनिटं.

तेव्हापासून लाईन आली की मी आपला आपण उठतो. मुबीना माझ्याकडे बघतसुद्धा नाही. सगळं सुरळीत आहे आणि तरी मला चुकल्यासारखं होतं. कधी कधी खुर्शीदभाई कापूस पिंजताना सवयीनं ती ओळ पुटपुटतात. मी उठलेलाच असतो, तरी मला पुन्हा उठल्यासारखं वाटतं.

कौशल्याबाईंच्या वावरात मध्ये एक साहेब येऊन गेला. बोंडं फोडून पाहिली, फोटो काढले. ज्यांची तक्रार खरी ठरली त्यांची यादी त्या साईटवर येते म्हणे. दर आठवड्याला मुबीना ती उघडते. माझ्यातूनच ती पडद्यावर येते, हजारो नावं सरसर जातात. कौशल्याबाई मागे उभ्या असतात.

"आलं का वो माह्यं नाव?"

"नाई, काकू."

पेरणी तोंडावर आलीय. भाऊराव परवा दुकानासमोरून औत घेऊन गेला, मुद्दाम सावकाश. कौशल्याबाईंनी पदराची गाठ तेवढी चाचपली.

मला एकच विचारायचं आहे. माझं नाव यादीत घालायला दोन मिनिटं लागली. ह्या बाईचं घालायला कुठली ओळ लागते, ती कुणाला पाठ आहे का? तुमच्यापैकी कुणी ती तिच्यासाठी एकदा मोठ्यानं म्हणाल का? तिचा निरोप तिथवर पोचवणं माझ्या हातात आहे, आतली हजेरी माझ्या हातात नाही. उद्या सकाळी लाईन आली की कौशल्याबाई यादी बघायला येतील. मी उठलेला असेन.