माहितीपुरता संदर्भ

"वहिनी, एक ओळ इकडची तिकडे करायची. कोण बघतंय?" धाकटा दीर दबक्या आवाजात म्हणाला.

मानकांचं संपादन करणाऱ्या संपादिकाबाईंनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. लिफ्टच्या सुरक्षेचं मानक आज समितीच्या सभेत मंजूर व्हायचं होतं आणि ऐन वेळी त्यांच्या दाताखाली खडा आला होता. ब्रेकची चाचणी एका ठरावीक पद्धतीनेच करा, असं मानक बजावत होतं. ती पद्धत मात्र अजून कच्चा मसुदा होती. मसुदा दिराचाच. पक्क्या मानकाने कच्च्या मसुद्यावर भार टाकायचा नाही, टाकायचाच तर सभेत उघड सांगून मंजुरी घ्यायची, असा नियम. दिराची युक्ती सोपी होती. मसुद्याचं नाव बंधनकारक संदर्भांतून उचलून 'माहितीपुरत्या' यादीत ढकलायचं. कुणी हूं की चूं करणार नाही, आणि ब्रेक तपासायची सक्तीही उरणार नाही!

"तापलेला ब्रेक तपासलात, भाऊजी?"

"होईल हो तेही. पण आईचं काय?"

तिथेच तर घोडं अडलं होतं. घर नवव्या मजल्यावर, सासूबाईंचे गुडघे गेलेले. जुनी लिफ्ट मोडीत काढल्यापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. नवी बसवून तयार होती. मानक मंजूर झालं की सुरू. "आज नक्की ना गं?" असं त्यांनी सकाळीच विचारलं होतं. बाईंचा जीव तुटत होता आणि दिराचा संतापही येत होता.

सभेत अध्यक्षांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

दिराने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. त्या तरीही उठल्या.

"हे मानक एका कच्च्या मसुद्यावर उभं आहे. मंजुरीआधी मसुद्याच्या लेखकांनी एवढंच सांगावं. या चाचणीच्या भरवशावर ते स्वतःच्या आईला लिफ्टमध्ये बसवतील?"

दीर लालबुंद झाला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"तापलेल्या ब्रेकची चाचणी राहिली आहे," तो शेवटी म्हणाला. "नाही बसवणार."

मानक लांबणीवर पडलं. घरी जाताना तो वहिनीच्या चार पावलं पुढेच चालत राहिला. आता हा आईसमोर आपल्या नावाने खडे फोडणार, हे बाईंनी धरूनच ठेवलं होतं.

सासूबाई चपला घालून दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. "चालू झाली?"

"नाही, आई," दीर म्हणाला. "मीच थांबवली."

त्यांचा चेहरा पडला. त्याने बाह्या सरसावल्या, खाली वाकला आणि खुर्चीचे पुढचे पाय धरले.

"वहिनी, मागून उचला. सावकाश उतरू."